टाकीचं पोट

१२ नोव्हेंबर, मंगळवार

घातलं: बादलीच्या तळाला मावेल एवढं. ज्योत: चहापुरती.

वरची ओळ गॅस प्लांट बसवून देणाऱ्या माणसासाठी. रोज लिहून ठेवा म्हणाला, टाकीत काय घातलं, ज्योत किती चालली, म्हणजे बिघडलं तर कळेल कशाने बिघडलं. खालचं सगळं माझ्यासाठी. कारण माझं डोकं फिरलेलं आहे आणि ऐकून घ्यायला या घरात कोणी नाही.

ही टाकी मी हौस म्हणून बसवलेली नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली उभी हयात पाइप जोडण्यात गेली माझी. वाफ, तेल, पाणी, म्हणाल ते नळीतून नेलं आहे. माझ्या बायकोचे, मैनाचे जेवणाचे डबे वाढत वाढत इथे सिन्नर फाट्यावर खानावळ झाली, तेव्हा काम सोडून गल्ल्यावर बसलो. रोज खरकटं घंटागाडीत ओतताना जीव जळायचा. यातून गॅस निघतो हे ठाऊक असून आपण हातावर हात धरून बसायचं? म्हणून परसात हा प्लांट. खाली एक काळी टाकी, तिच्यात उलटी घातलेली दुसरी. सुरुवातीला शेणकाला भरला, आता रोज खरकटं पाण्यात कालवून ओतायचं. गॅस धरला की वरची टाकी आपोआप उचलली जाते. ती उचललेली दिसली की मला दोन घास जास्त जातात.

पण उचलणार कशी? ताटं रिकामी येतात! मैनाची वाढायची तऱ्हाच तशी. एका वेळी अर्धी भाकरी, पळीभर भाजी. मग पंगतीतून फिरत प्रत्येकाला विचारणार, "अजून अर्धी देऊ?" मागेल तेवढंच ताटात पडतं, पडेल तेवढं पोटात जातं. रेल्वेतला गोरक्ष आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तो तर ताट असं पुसून ठेवतो की झुंबरबाईने ते घासायला का घ्यावं हा प्रश्न पडतो.

आज म्हटलं, "मैना, पहिल्यांदाच दोन भाकऱ्या टाक ना ताटात. भाताचा ढीग घाल. थोडं उरू दे लोकांचं."

ती म्हणाली, "उरावं म्हणून शिजवू?"

एवढा खर्च करून उभं केलेलं यंत्र उपाशी मारायचं, आणि वर मलाच शहाणपण.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

घातलं: पाव बादली, त्यात निम्म्या साली. ज्योत: डाळ शिजायच्या आत गेली.

रोज रात्री मी बादली बघतो आणि रोज रात्री मैनाला विचारतो, "आज एवढंच?" ती आता मान न वळवता कणीक झाकून ठेवते. अशी माणसं असल्यावर प्रगती काय डोंबल होणार.

आज नवीन टूम काढली. म्हणाली, "बाहेरच्या शेगड्यांवर काय करायचं ते करा. घरातली माझी शेगडी सिलिंडरवर राहू द्या. चंपाषष्ठीचा नैवेद्य असतो, देवाचं असतं."

मी समजावलं, मिथेन तो मिथेन, त्याला उष्टं-खरकटं कळत नाही. जळाला की संपला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शब्द द्या." दिला शब्द. बाईमाणसाशी वाद घालण्यापेक्षा शब्द देणं सोपं. पण आत कुठेतरी खुपलंच. सगळ्या जगाला मी हा प्लांट दाखवतो आणि माझ्याच घरातली शेगडी त्याला शिवत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

घातलं: पाव बादली. ज्योत: फडफडते. थंडीमुळे टाकी सुस्तावली आहे.

नाशिकची थंडी यंदा जास्तच. टाकीत कोमट पाणी ओतलं, भोवती पोती बांधली. मैना खिडकीतून बघत होती. आजारी माणसाची करावी तशी सेवा चाललीय, असं काहीतरी पुटपुटली.

उद्या चंपाषष्ठी. चातुर्मासात वांगं वर्ज्य, उद्या भरीत-रोडग्याचा नैवेद्य खंडोबाला दाखवला की सुटेल. मैनाने काटेरी वांगी स्वतः निवडून आणली आहेत, त्यांना कोणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे.

संध्याकाळी ती देवळात गेली तेव्हा आतल्या शेगडीचं जेट, म्हणजे गॅस सोडणारी पितळी तोटी, काढून तिचं भोक थोडं मोठं केलं. या गॅसला मोठं भोक लागतं. सहजच केलं. सिलिंडर संपत आला आहे, ऐन वेळी पंचाईत नको. आणि खरं सांगायचं तर एकदा भरीत होऊन जाऊ दे, सगळ्यांनी बोटं चाटून खाऊ दे, मग सांगेन कशावर भाजलं ते. हसेल तीसुद्धा.

७ डिसेंबर, शनिवार

घातलं: लिहवत नाही. ज्योत: उत्तम.

सकाळी नळी जोडून दिली. निळी लांब ज्योत, एकदम शांत. मैनाने त्याच ज्योतीवर वांगी भाजली, तव्यावर रोडगे केले. घरभर भाजल्या वांग्याचा वास. मी दारात उभा, मनातल्या मनात हसत होतो.

ताट वाढून देवापुढे न्यायच्या आधी ती थांबली. म्हणाली, "सिलिंडर नवा कधी लावलात?"

"सकाळीच," मी म्हटलं. नैवेद्याच्या तोंडावर दुसरं काय सांगायचं?

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते ताट घेऊन देवघराकडे न जाता सरळ परसात गेली. खरकटं ओतायच्या पाइपाचं झाकण काढलं आणि भरीत, रोडगे, लसणाची चटणी, सगळं आत लोटलं. वांग्याचे देठसुद्धा. म्हणाली, "घ्या. तुमच्या देवाला दाखवला."

दुपारच्या गाडीने मनमाडला भावाकडे गेली. जाताना रात्रीची कणीक मळून झाकून गेली.

मला सांगा, एवढं काय आकाश कोसळलं? चोरी केली, कोणाला लुबाडलं? गॅसच तो! अंधश्रद्धेपायी अन्नाची नासाडी, तीही सणाच्या दिवशी. वर रोडगा पाइपात अडकला. बांबू घालून ढोसताना हातभर घाण अंगावर उडाली आणि झुंबरबाई तोंडाला पदर लावून उभी. मैनाला कळलं कशावरून, हेच कळत नाही. शेगडी तीच, वास काही नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

घातलं: पाऊण बादली. ज्योत: छान.

खानावळ कोणावाचून अडत नाही. सावळीराम म्हणून एक आचारी ठेवला. लग्नाच्या जेवणावळी केलेला माणूस, हाताला अंदाज मोठा. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, ताट एकदाच गच्च भरून द्यायचं, विचारत बसायचं नाही. "एकदम बरोबर शेठ," म्हणाला. इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते.

१७ डिसेंबर, मंगळवार

घातलं: दोन बादल्या. ज्योत: दुपारचा सगळा भात आणि डाळ!

टाकी एवढी वर आली आहे की पलीकडचा गॅरेजवाला बघून गेला. थंडी असून! मैना असती तर दाखवलं असतं. बघ म्हटलं असतं, वाढण्यात फरक केला तर काय होतं ते.

झुंबरबाई मात्र कुरकुरते. "बादली लय जड झालीय भाऊ. मला नाय उचलत." कामचुकारपणा नुसता. मी म्हटलं, दोन खेपा कर. तर म्हणे, "ताई कधी येनार?" बादलीचा आणि ताईचा काय संबंध? म्हटलं, आपलं काम बघ.

२६ डिसेंबर, गुरुवार

घातलं: तीन बादल्या. ज्योत: संध्याकाळपर्यंत अखंड. सिलिंडरला हात लावला नाही.

आज कॉलनीतली पाच-सहा मंडळी प्लांट बघायला आली. मी सगळं समजावून सांगितलं, खालची टाकी, वरची टाकी, बाहेर पडणारी मळी झाडांना कशी चालते. एका बाईंनी विचारलं, "एवढं खरकटं रोज कुठून येतं हो?" मी अभिमानाने सांगितलं, सगळं आमच्याच खानावळीतलं, बाहेरून काही आणत नाही. त्यांनी मान हलवली. जेवून जा म्हटलं तर सगळ्यांनाच काम निघालं.

गोरक्षने आज डोकं उठवलं. अर्धं ताट तसंच सारून उठला. म्हटलं, "का रे, पोट बरं नाही?"

"पोट बरंय. रंगूभाऊ, भाजीत सोडा पडतोय का तेल, काय कळंना. वहिनीला आणा आता."

"तुझी नाटकं बघायला वहिनीला वेळ नाही," मी म्हटलं. हे लोक जिभेचे गुलाम. एखादी गोष्ट देशाच्या कामाची चालली आहे, तर त्यात चार घास इकडे तिकडे झाले म्हणून काय बिघडलं! आयटीआयची चार पोरं आठवड्यापासून दिसली नाहीत. नाताळाच्या सुट्टीत गावाला गेली असतील.

३ जानेवारी, शुक्रवार

घातलं: चार बादल्या. ज्योत: पिवळट, कधी धरते, कधी नाही.

पंगत अर्ध्यावर आली आहे, पण बादल्या वाढल्या आहेत. हे गणित बसेना म्हणून आज जेवणाच्या वेळी गल्ला सोडून आत जाऊन उभा राहिलो. गोरक्ष कोपऱ्यात बसला होता, भोवती चौघे जण घोळका करून. त्यांच्यापुढे सावळीरामची भरलेली ताटं होती, त्यांना कोणी हात लावलेला नव्हता. मधे एक स्टीलचा डबा. त्यातून खात होते सगळे.

मी म्हटलं, "खानावळीत बाहेरचं आणायचं नाही, एवढी साधी रीत कळत नाही?"

गोरक्ष उठला. म्हणाला, "ड्यूटी मनमाडला होती. वहिनीनं डबा दिला. म्हनली, तिथं काय खाता तुम्ही?"

मी त्यांना हाकलून दिलं. काय काय बोललो ते लिहीत नाही. आगाऊ दिलेले पैसे घेऊन जा, तोंड दाखवू नका, असं बरंच. ते गेले. डबा तिथेच राहिला.

तळाला हुलग्याच्या शेंगोळ्यांचा रस्सा होता, बोटभर. मी बोट फिरवलं. लसूण ठेचलेला, वाटलेला नाही. ती मिक्सर लावत नाही त्यासाठी. दुसऱ्यांदा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवायला काही उरलं नव्हतं.

समोर पाच ताटं, भाताचे ढीग तसेच, वर तेलाचा तवंग. मी महिनाभर ती ताटं बादलीत जाताना पाहिली आणि माझी टाकी वर येते म्हणून खूश होत होतो. मला रडू आलं आणि रडू आल्याचा जास्त राग आला. झुंबरबाई म्हणाली, "हे घालू टाकीत?" मी तिच्यावर ओरडलो. तिचा काही दोष नव्हता.

६ जानेवारी, सोमवार

घातलं: काही नाही. ज्योत: नाही.

टाकी बिघडली. आंबूस घाण वास, काडी लावली तर विझते. प्लांटवाल्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून विचारलं, "रोज किती घालत होतात?" मी सांगितलं. तो हसला हो! म्हणाला, "काका, अजीर्ण झालंय तिला. तिच्या पोटापेक्षा जास्त घातलंत. आतले जिवाणू आंबटात मेले. पंधरवडाभर काही घालू नका, मग शेणाचं पाणी थोडं थोडं."

बाहेर माणसं अर्धपोटी उठत होती आणि आत टाकीला अजीर्ण. कोणाला सांगितलं तर खो खो हसेल. मी मात्र फोन भिंतीवर मारता मारता थांबलो.

सावळीरामला जा म्हटलं. "गिऱ्हाईकच नाय शेठ, मीच सांगनार होतो," म्हणाला. त्याच्यावर तरी कशाला चिडायचं. मी सांगितलं तसंच त्याने केलं.

११ जानेवारी, शनिवार

मनमाडला गेलो.

तिचा भाऊ रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. दार तिनेच उघडलं. बसा म्हणाली नाही, पण पाट मांडला. अर्धी भाकरी वाढली, वांग्याची भाजी. मी बोलायचं ठरवून गेलो होतो. गाडीत सगळं पाठ केलं होतं, विज्ञान, देव, शिवाशिव. पण खाताना बोलता येईना.

"अजून अर्धी देऊ?"

"दे."

मग तीच बोलली. आवाज चढवला नाही. तिने चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"चंपाषष्ठीला सकाळी केर काढत होते. शेगडीखाली पितळेचा कीस पडला होता. जेटाचं भोक मोठं केलंत तुम्ही आदल्या दिवशीच."

मी म्हटलं, "ठाऊक होतं तर पेटवलीस कशाला?"

"वाटलं, काडी ओढायच्या आत सांगाल. नाही सांगितलंत. मग म्हटलं, नैवेद्याच्या आधी सांगाल. म्हणून विचारलं."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. माझ्या आईनं जन्मभर रोडगे गोवऱ्यांत भाजले. शेणच ना ते? खंडोबाला चाललं. मला तुमचा गॅस नाही खुपला."

"मग काय खुपलं?"

"तुम्ही रोज रात्री विचारायचात, किती उरलं. किती जण जेवले, हे त्या टाकीच्या आधीही विचारलं नाहीत आणि नंतरही नाही."

मला असा राग आला की कानशिलं तापली. कोणाचा राग, ते शेवटपर्यंत ठरेना. एवढंच म्हणालो, "टाकी बंद पडली. जास्त झालं तिला."

तिच्या तोंडावर हसू आलं होतं, तिने ते गिळलं. "ताट धुऊन ठेवा," म्हणाली. "इथं झुंबरबाई नाही."

येतेस का, असं मी विचारलं. तिने भाकरीचं टोपलं झाकलं. गाडीत उभ्यानेच आलो. जागा रिकामी होती, पण बसवेना.

१२ जानेवारी, रविवार

आतल्या शेगडीला जुन्या मापाचं नवं जेट बसवलं. कीस पडला नाही, तरी दोनदा झाडून घेतलं. भरलेला सिलिंडर जोडला. गोरक्षच्या खोलीवर जाऊन त्याचा डबा परत दिला. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते "डबा घासलेला आहे" एवढंच. तो म्हणाला, "असू द्या भाऊ. उद्या भोगी हाय."

भोगी असली तर मी काय करू, असं मी त्याच्या तोंडावरच म्हणालो. सवय जात नाही.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळच्या गाडीने आली. गोरक्षच्या हातात तिची पिशवी. पिशवीत ओले हरभरे, वालपापडी, गाजरं. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ आत जाऊन शेगडीखाली वाकून बघितलं. मग बटण फिरवलं, ज्योत बघितली आणि पदर खोचला.

मी दारात उभा होतो. म्हटलं, "सिलिंडर काल लावला."

"दिसतोय," म्हणाली.

दुपारी पंगत अर्धीच होती. बातमी पोहोचायला वेळ लागतो. भोगीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोणी. रात्री मी गल्ला बंद केला, डायरी काढली, आणि तोंडावर आलेलं "आज किती उरलं" गिळलं. विचारलं, "किती जण जेवले?"

ती कणीक झाकत होती. मान वळवली. "मोजले नाहीत," म्हणाली. "उद्या तुम्ही उभे राहा आणि बघा."

उभं राहायला सांगते मला! गल्ल्यावर कोण बसणार? पण उभा राहीन.

२२ जानेवारी, बुधवार

घातलं: बाजारातून आणलेली कोबीची पानं बारीक चिरून, वाटाण्याच्या साली, शेणाचं पाणी. ताटांतलं: काही नाही.

ताटांतलं काहीच मिळत नाही. पंगत भरली आहे, आयटीआयची पोरं परत आली, आणि झुंबरबाईची बादली कोरडी. मग सकाळी मी स्वतः भाजीबाजारात जाऊन टाकलेला पाला गोळा करतो. भाजीवाले म्हणतात, काका बकऱ्या पाळल्या का? त्यांच्यापुढे कोण तोंड उघडणार.

आज वरची टाकी चार बोटं उचललेली दिसली. मी मैनाला बोलावलं नाही. तीच हात पुसत परसात आली आणि म्हणाली, "लावा बघू तुमची ज्योत."

मी काडी ओढण्याआधी सांगितलं, "हा टाकीचा गॅस आहे."

"कळतंय," म्हणाली आणि चहाचं भांडं ठेवलं.

ज्योत निळी होती, पण बारीक. दूध घातलं आणि उकळी यायच्या आत गेली. मी टाकीला शिव्या घातल्या, थंडीला घातल्या, प्लांटवाल्याला घातल्या. मैनाने भांडं उचललं आणि दोन कपांत अर्धा अर्धा ओतला.

कच्चा चहा मला आयुष्यात चाललेला नाही. त्यावरून मी या घरात कप आपटले आहेत. आज शेवटच्या घोटापर्यंत प्यालो आणि रिकामा कप तिच्यासमोर उलटा धरून दाखवला.